बाई, तुम्ही इंग्लंडहून आलात तेव्हा

प्रमिलाबाई, आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात. एरवी तुम्ही असं करणाऱ्यातल्या नव्हता. फळ्यावर अर्धं वाक्य ठेवून घरी जाणं तुम्हाला कधी जमलं नाही. बस चुकली तरी चालेल, पण वाक्य पुरं व्हायला हवं. काल तुमचं तेरावं झालं. मंडळी पांगली, तुमचे पुण्याचे भाऊ सामान आवरायला लागले आणि मी पालघरहून शिरगावची बस धरली. खिडकीशी बसल्यावर मनात आलं, आता वाद घालायचा कुणाशी? समोर तुम्ही नसाल तर माझं म्हणणं बरोबर ठरून तरी काय उपयोग?

तुम्ही कुठं जन्मलात, काय शिकलात, कुठं कुठं नोकरी केलीत, ते तुमचे भाऊ लिहितील. त्यांना ते नीट माहीतही आहे. मला मात्र माझ्या रंजूपासूनच सुरुवात करावी लागेल. ती नसती तर तुमची-माझी ओळखही झाली नसती.

रंजू तीन वर्षांची झाली तरी बोलेना. सासूबाई म्हणायच्या, "काय पोरा उशिरा बोलतात. हिचा बापूस पन उशिराच बोलला." मीही तेच धरून बसले होते. मग एक दिवस मागल्या दारी पत्र्याचा मोठा डबा फळीवरून खाली आदळला. सासरे पडवीत जाळं विणत होते, ते दचकून उठले. कोंबड्या उडाल्या. रंजू माझ्यासमोर बसून शंखशिंपले मांडत होती, तिनं मान वर केली नाही. मी तिच्या पाठीमागे जाऊन ताट वाजवलं, टाळ्या वाजवल्या, शेवटी ओरडले. तिनं एक शिंपला उचलून दुसऱ्याशेजारी ठेवला. मुंबईच्या डॉक्टरांनी पुढं जे सांगितलं, ते मला त्या दुपारीच कळलं होतं.

माझं डी.एड. झालेलं होतं, प्राथमिक शाळेतली नेमणूक हातात आली होती. ती मी सोडली. रंजूचे बाबा तेव्हा बोईसरला कारखान्यात लागलेले. मासेमारी करणाऱ्या घरातला हा पहिला मुलगा, जो होडीऐवजी पाळीवर जाऊ लागला. ते कामावर गेले की मी पोरीकडे बघत बसायची आणि ती माझ्याकडे. आमच्या दोघींत बोलण्यासारखं काही नव्हतं. भूक लागली की ती माझा हात धरून चुलीकडे न्यायची. त्यापलीकडे तिच्या पोटात काय आहे, कशाची भीती, कशाची हौस, याचा मला थांगपत्ता नव्हता. मी आई होते आणि मला माझ्या मुलीबद्दल काही माहीत नव्हतं.

पालघरला एक बाई बहिऱ्या मुलांचा वर्ग चालवतात, हे मला उमरोळीच्या माझ्या मावसबहिणीनं सांगितलं. वर्ग कसला, भातगिरणीच्या मागच्या दोन खोल्या. गिरणीच्या आवाजामुळे त्या खोल्या कुणी भाड्यानं घेत नव्हतं. तुमच्या मुलांना त्या आवाजाचं काही नव्हतं. उलट भिंतीला तळहात लावून ती एकमेकांना दाखवायची, की गिरणी सुरू झाली. मी रंजूला घेऊन आले, तर तुम्ही तिच्यासमोर उकिडव्या बसलात. तिचा हात घेऊन स्वतःच्या गळ्याला लावलात आणि म्हणालात, "ये." रंजूनं हात झटकून काढला. थोडा वेळ तुमच्याकडे बघत राहिली आणि आपणहून परत लावला. तुम्ही वर बघून मला म्हणालात, "सुनंदाताई, उद्यापासून आणा हिला."

आणि लगेच, पहिल्याच दिवशी, तुम्ही मला नियम सांगितलात. "खुणा करायच्या नाहीत. घरीसुद्धा नाही. हातांची सवय लागली की जीभ आळशी होते." मुलं बाकावर हात मांडीखाली घालून बसायची. ओठ बघायचे, गळ्याला हात लावायचा, कागदाची पट्टी ओठांपुढे धरून "प" म्हणायचं. पट्टी हलली की टाळ्या. कानाच्या यंत्राची पेटी छातीवरच्या पट्ट्यात, तिच्या वायरी दोन्ही कानांत. तुम्ही जे म्हणालात त्यावर मी विश्वास ठेवला. पुढं तुम्ही स्वतःच ते वाक्य मोडीत काढलंत, पण तेव्हा मला दुसरं काही धरायला नव्हतं हे विसरू नका.

मग तुमची इंग्लंडची बातमी आली. तिकडची कुठलीशी संस्था बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांसाठी उन्हाळ्यात अभ्यासक्रम चालवायची आणि बाहेरच्या देशांतल्या थोड्या शिक्षकांना बोलवायची. तुमची निवड झाली. गिरणीच्या अंगणात तुमचा सत्कार झाला. वर्गाचा खर्च चालवणाऱ्या आपल्या संस्थेचे अध्यक्ष पेढे वाटत होते आणि जो भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या बाई बोलायला शिकवायची विद्या शिकायला परदेशी चालल्या." मे महिन्याची सुट्टी होती ते ठीक, पण जून-जुलैचं काय? अध्यक्ष म्हणाले, वर्ग बंद ठेवू. तुम्ही म्हणालात, "परत आल्यावर मला 'प'पासून सुरुवात करावी लागेल."

त्या भर उन्हात तुम्ही बसनं शिरगावला आलात. सासूबाईंनी ताडगोळे सोलून पुढं ठेवले. तुम्ही ते खाल्लेत, हात धुतलेत आणि सरळ म्हणालात, "सुनंदाताई, वर्ग तुम्ही सांभाळायचा." मी घाबरले. मी म्हटलं, घर आहे, सासऱ्यांची तब्येत बरी नसते. सासूबाई आतूनच बोलल्या, "जा गो तू. घरातला आमी बगतो. पोरीसाठीच हाय ना? मग नाय कशाला म्हनते?" त्यांनीच मग तुम्हाला सुकट आणि सुक्या कोळंबीचे सोडे बांधून दिले, एकावर एक कापडं गुंडाळून. तिकडं गेल्यावर घरमालकिणीनं वास आला म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या आणि ती कोटाची बटणं लावून अंगणात जाऊन उभी राहिली, हे तुम्ही आल्यावर सासूबाईंना सांगितलंत, तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

तुम्ही गेलात आणि मी तुमच्या खुर्चीत बसले. तुमच्याहून कडक झाले मी. नवा माणूस नियमाला जास्त धरून असतो. कुणाचे हात मांडीखालून निसटले की मी पट्टी आपटायची. पोरं मला भ्यायची. पण मी पाठ वळवली की मागं काहीतरी चालायचं हे मला कळायचं. ओठ दाखवायला भिंतीवर लावलेल्या आरशात दिसायचं. बोटं, भुवया, गाल, सगळं भराभर हलत असायचं. त्यात माझी रंजू सगळ्यांत पुढं. तिच्याभोवती सगळे गोळा झालेले आणि ती काहीतरी लांबलचक सांगतेय. मी वळले की सगळं बंद. माझ्या घरात एकटी बसणारी ही मुलगी इथं काय सांगत असेल, असं मनात यायचं. पण तुमचा नियम होता, आणि तो मी पाळायचा असं ठरवलं होतं.

आणि मग जुलैमध्ये ते घडलं. सकाळी आरशासमोर मी रंजूची वेणी घालत होते. ती आरशात माझ्या ओठांकडे बघत होती. आणि ती म्हणाली, "आ... ई." आवाज जाड होता, खोलवरून ओढून काढल्यासारखा. पण शब्द तोच होता. माझ्या हातातून वेणी सुटली. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. ती पुन्हा म्हणाली. सासूबाई धावत आल्या, सासरे आले. संध्याकाळी हे पाळीवरून आले ते कपडे न बदलता तिच्यापुढं बसले. "बाबा म्हण. बा-बा." रंजूनं त्यांच्या ओठांकडे नीट बघितलं आणि ठामपणे म्हणाली, "आई." आम्ही सगळे हसलो. हेही हसले, पण रात्री ती झोपेपर्यंत "बा-बा" म्हणत तिच्यापुढं बसून राहिले.

तुमची इंग्लंडहून कार्डं यायची. त्यात हवा थंड आहे, उकडलेले बटाटे फार खावे लागतात, एवढंच असायचं. मी तुम्हाला रंजूचं काही कळवलं नाही. ठरवलं होतं, समोरासमोर ऐकवायचं. तुमची पद्धत खरी ठरली, बाई, हे मला तुम्हाला तुमच्या तोंडावर सांगायचं होतं.

तुम्ही आलात त्या सकाळी वर्ग सजवला होता. अध्यक्ष हार घेऊन उभे. मुलं बाकांवर ओळीनं, हात मांडीखाली, मी तसं बजावून ठेवलेलं. तुम्ही आत आलात. जरा वाळला होतात. मी रंजूला पुढं केलं. ती म्हणाली, "आई." तुम्ही खाली बसलात, तिला जवळ ओढलंत, तुमचे डोळे भरून आले. "पुन्हा," तुम्ही म्हणालात, आणि ती पुन्हा म्हणाली. तो क्षण माझा होता, बाई. तो तुम्ही मला पुरता दिलात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग तुम्ही उठून मुलांकडे बघितलंत. त्या मांडीखालच्या हातांकडे. तुमच्या हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ होता. पोरांनी तुमचं नाव ठेवलं होतं ते त्यावरून, हनुवटीवर बोट टेकवायचं म्हणजे "बाई". हे नाव चोरून चालायचं. तुम्हाला ते माहीत होतं, पण इतकी वर्षं तुम्ही न पाहिल्यासारखं केलं होतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही स्वतःचं बोट स्वतःच्या हनुवटीवर टेकवलंत. मग दोन्ही हातांनी विमान उडवलंत, आणि ते आणून याच जमिनीवर उतरवलंत.

मग एक पोर फिसकन हसलं. आणि मग बाई, त्या वर्गात जे झालं ते मी कधी विसरणार नाही. सगळे हात एकदम बाहेर आले. सगळे तुमच्याभोवती. विमान केवढं होतं, आत काय खायला दिलं, खाली समुद्र दिसला का? तुम्हाला निम्मं कळत नव्हतं, तुम्ही चुकत होता आणि पोरं तुमचे हात धरून दुरुस्त करत होती. रंजूनं तर तुमची बोटंच मुडपून दाखवली, अशी नाही, अशी.

अध्यक्षांच्या हातात हार तसाच राहिला. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला बोलायला शिकवायचं शिकायला पाठवलं, आणि तुम्ही हातवारे शिकून आलात?"

तुम्ही म्हणालात, "बोलायलाही शिकवणारच आहे. पण भात शिजेपर्यंत पोराला उपाशी ठेवायचं का?"

ते रागानंच गेले. आणि खरं सांगू, मीही रागावले होते. पोरं घरी गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, "मग मी हे महिने काय केलं? तुमचंच केलं ना? रंजू बोलली ना? आता हात मोकळे सोडलेत की ती पुन्हा तोंड उघडायची नाही."

तुम्ही खिडकीत बसलात. मला अजून तुमचं ते बसणं दिसतं. म्हणालात, "सुनंदा, बैस." तोवर मी सुनंदाताई होते. त्या दिवशी मी सुनंदा झाले ती कायमची.

"मला तिथं पहिले पंधरा दिवस काही कळत नव्हतं गं. वर्गात पुस्तकी इंग्रजी असायचं ते समजे. पण जेवणाच्या टेबलावर ती माणसं आपसात बोलायची ते नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. कुठला एखादा शब्द हाती लागतो का. सगळे हसले की मी हसायची. कुणी काही विचारलं की मान हलवायची. रोज रात्री डोकं दुखायचं. एक दिवस हसता हसता मला आपली पोरं आठवली. घरी पाहुणे आले की ती अशीच हसतात. मी म्हणायची, किती आनंदी आहेत."

मी बाकावरच्या कागदाच्या पट्ट्या गोळा करायला लागले.

"मग घरमालकीण मला एका रविवारी तिच्या मोठ्या भावाला भेटायला घेऊन गेली. तो बहिरा. सुतारकाम करायचा, आता म्हातारा झालाय. तिथं गावातल्या बहिऱ्यांची एक बसायची जागा आहे. चहा, पत्ते. सगळे हातांनी बोलत होते. इतकं, सुनंदा, की मला तिथं सगळ्यांत बहिरी मीच वाटले. तो म्हातारा बहिणीमार्फत मला विचारायला लागला. किती मुलं आहेत, केवढी आहेत. मी अभिमानानं सांगितलं, अमुक एवढे शब्द म्हणतात. त्यानं मान हलवली आणि विचारलं, 'तुमची मुलं भांडतात कशावरून?' मला सांगता येईना. इतकी वर्षं शिकवतेय मी. ती भांडतात हे मला माहीत आहे, मी सोडवते. कशावरून, ते मी कधी विचारलंच नाही. विचारायला माझ्याकडे भाषाच नव्हती."

मी तरी म्हटलं, "पण बाजारात कोण समजणार आहे खुणा? शिरगावात कोण? मी मेल्यावर हिला कोण समजून घेणार?"

"ते खरं आहे," तुम्ही म्हणालात. "तरी पोरांचे हात आता मांडीखाली जाणार नाहीत."

आपलं भांडण इथून सुरू झालं. ते तुम्ही जिंकलात असं मी अजूनही म्हणत नाही. पण त्याच वर्षी दिवाळीनंतर जे झालं, त्यानं मला खुणा शिकायला बसवलं.

माझे सासरे गेले. सकाळी पिशवी घेऊन बंदराकडे गेले ते तिथंच कोसळले आणि चार माणसांनी त्यांना उचलून आणलं. घरात रडारड, माणसं, मग नेणं. रंजू सहा वर्षांची. तिला कुणी काही सांगितलं नाही. सांगणार कसं? आजोबांना झोपलेले आणले आणि झोपलेलेच नेले, एवढं तिनं पाहिलं. त्यानंतर काही दिवसांनी हे कामाला निघाले की ती त्यांच्या पायाला मिठी मारायला लागली. डबा हिसकावून घ्यायची. ओरडायची, उंबऱ्यावर आडवी पडायची. मी विचारायची, "काय झालं? बोल." ती म्हणायची, "नको." एवढाच शब्द होता तिच्याकडे. ह्यांची पाळी बुडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला कायतरी बाधला हाय." कुणी अंगारा आणला. मी हताश होऊन एका सकाळी तिला तशीच रडती तुमच्याकडे घेऊन आले.

तुम्ही तिला घेऊन जमिनीवर बसलात. मी दाराशी. पहिल्यांदा तिनं काही सांगितलं नाही. तुम्ही विचारत राहिलात, चुकत राहिलात. मग हळूहळू तिचे हात चालायला लागले. पिशवी खांद्याला. चालत जाणं. डोळे मिटून आडवं होणं. चार माणसांचे खांदे. मग डबा. मग ह्यांची खूण, ओठांवर मिशी. मग पुन्हा तेच, डोळे मिटणं, खांदे. आणि मग तिनं तुमच्याकडे बघून दोन्ही हात पसरले.

तुम्ही माझ्याकडे वळलात. "तिला वाटतंय, पिशवी घेऊन बाहेर जाणाऱ्या माणसाला झोपवतात आणि घेऊन जातात. बाबाची पाळी कधी आहे, असं विचारतेय ती."

इतके दिवस ते त्या जिवानं एकटीनं उरात वागवलं होतं, बाई. रोज सकाळी.

त्या दिवशी तुम्ही तिला मरण समजावून सांगितलंत. तासभर लागला असेल. अंगणातलं वाळलेलं पान आणलंत, आजोबांच्या छातीतलं धडधडणं तिच्या छातीवर हात ठेवून दाखवलंत, ते थांबणं दाखवलंत. म्हातारपण, आजार, थांबणं. आणि बाबाची छाती धडधडते आहे, तू घरी जाऊन हात लावून बघ. संध्याकाळी हे आल्याबरोबर रंजूनं त्यांच्या शर्टाची बटणं काढली आणि छातीवर तळहात ठेवून उभी राहिली. ह्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलं, आणि वडील गेले तेव्हाही न रडलेला हा माणूस रडला. दुसऱ्या दिवशी रंजूनं स्वतः त्यांच्या हातात डबा दिला.

त्या रविवारी हे माझ्याआधी तुमच्याकडे खुणा शिकायला हजर. आणि माझ्यापेक्षा भराभर शिकले. म्हणाले, "बाई, मशीनच्या आवाजात आम्ही सगळे असेच बोलतो. चहा आला, साहेब आला, धागा तुटला, सगळं हातानंच. मला ठाऊक नव्हतं पोरीशी असं बोललेलं चालतं." तुम्ही हसलात. "मलाही ठाऊक नव्हतं," म्हणालात.

मी मात्र तुमच्या नव्या पद्धतीला पुरती शरण गेले नाही. रोज सकाळी आरशासमोर रंजूला बसवणं मी सोडलं नाही. गळ्याला हात, कागदाची पट्टी, सगळं. तुम्ही म्हणायचात, "पोरीला दमवतेस." मी म्हणायची, "तुम्ही पालघरच्या बाजारात तिच्यासोबत राहणार आहात का जन्मभर?" वर्षानुवर्षं हे चाललं. तिनं दुकानदाराला "अर्धा किलो" म्हटलं आणि त्यानं मुकाट्यानं अर्धा किलो तोलून दिलं, त्या दिवशी मी मुद्दाम तुमच्याकडे आले होते. तुम्ही मला चहा पाजलात आणि म्हणालात, "ठीक आहे. हा मुद्दा तुझा." दुसऱ्याच आठवड्यात रंजूनं हातांनी सांगितलेली अख्खी गोष्ट तुम्ही मला ऐकवलीत, शिरगावच्या किल्ल्यात राहणाऱ्या आणि फक्त बहिऱ्यांना दिसणाऱ्या एका भुताची, आणि विचारलंत, "ही तिनं तोंडानं सांगितली असती का कधी?" नसती सांगितली. हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करते.

अध्यक्षही शेवटपर्यंत नाराजच राहिले. पण त्यांनी वर्ग बंद केला नाही, हेही त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. काही पालकांनी मुलं काढून नेली. त्यातली काही पुढं परत आली. तुम्ही कुणाच्या दारी जाऊन विनवण्या केल्या नाहीत. जो येईल त्याला तुम्ही आधी जमिनीवर बसवायचात, त्याच्या मुलाशेजारी, आणि म्हणायचात, "हा काल काय म्हणाला ते तुम्हाला सांगते." बहुतेकांना तेवढं पुरायचं.

रंजूचं पुढचं तुम्हाला माहीतच आहे. चित्रकलेच्या परीक्षा, मग आयटीआय, आणि आता बोईसरला कारखान्यात नकाशे काढण्याचं काम. तिथल्या बिहारी मिस्त्रीशी ती अर्धी हातांनी, अर्धी कागदावर बोलते. तो तिला हिंदीत ओरडून काहीतरी सांगतो, जसं ओरडल्यानं ऐकू येणार आहे, आणि ती हसते. तुमच्यामागे लागून तिनं तुमच्या वर्गातल्या लहान मुलांना शनिवारी चित्रं शिकवायला घेतलं. गिरणी गेली, नवी जागा आली, पण भिंतीला तळहात लावून बघायची पोरांची सवय काही गेली नाही.

आणि मग तुमचं आजारपण. हृदय थकलं म्हणाले डॉक्टर. धाप लागायची. त्यांनी तुम्हाला बोलायची बंदी केली, एक शब्दही नको. तुमचे भाऊ काळजीत पडले, आता ही काय हवं-नको सांगणार कशी? तुम्ही त्यांच्याकडे बघून डोळे मिचकावलेत. शेवटच्या आठवड्यांत रंजू रोज संध्याकाळी कामावरून सुटली की पालघरला उतरायची आणि तुमच्या पलंगाशी बसायची. तुम्ही दोघी बोलायचात. मी बाजूला फळं चिरत असायची. मी इतकी वर्षं शिकले, पण तुमच्या दोघींचा वेग मला कधी झेपला नाही. मध्येच एखादी खूण कळायची, "पाऊस", "मूर्ख", "निळा". मग पुन्हा हातातून निसटायचं.

शेवटच्या संध्याकाळी तुम्ही तिला खूप वेळ काहीतरी सांगितलंत. तुमचे हात थकले होते, मधे मधे छातीवर पडून राहायचे, पुन्हा उचलायचात. रंजू एकदा हसली. एकदा तिनं जोरानं मान हलवली, नाही म्हणून. मग ती रडली. शेवटी तुम्ही तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवलेत, आणि त्यानंतर काही बोलणं झालं नाही. सकाळी तुम्ही गेला होता.

काल तेराव्याहून घरी आल्यावर मी रंजूला विचारलं. खुणांनीच विचारलं, नीट, एकेक शब्द सावकाश करून. बाई त्या दिवशी तुला काय म्हणाल्या?

तिनं धुतलेल्या कपड्यांची बादली बाजूला सरकवली. मग तिनं हात हलवले. नाही सांगणार.

मी म्हटलं, मी तुझी आई आहे. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, त्या माझ्याही होत्या. तिनं त्यावर मान डोलावली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण सांगितलं नाही. वर म्हणाली, तुझं आणि बाईंचं जे भांडण होतं ते तू मला सगळं सांगितलंस का कधी? आणि उठून कपडे वाळत घालायला गेली.

पूर्वी, पडवीत ती शिंपले मांडत बसायची तेव्हा, तिच्या मनात काय आहे ते एकदा तरी कळू दे म्हणून मी देवापुढं किती रडले आहे, ते घरातल्या भिंतींना ठाऊक. काल तिच्या मनात काय आहे ते मला कळलं नाही, कारण तिनं मला सांगायचं नाही असं ठरवलं. सांगता येत असून. मी तिच्या पाठीकडे बघत दारात उभी राहिले. दोरीवर एकेक कपडा झटकून टाकत होती, अगदी तुमच्यासारखी कडा जुळवून.

मी तिला पुन्हा विचारणार नाही, बाई. मी आत गेले आणि भात लावला.